कारभारीतात्यांचा नंबर

आमच्या स्टँडवर किस्से शोधायला जावं लागत नाही. ते आपोआप साचतात. एक एक्सप्रेस गेली की दुसरी येईपर्यंत रिक्षावाल्याला काम काय? तंबाखू, चहा आणि बोलणं. मी तंबाखू खात नाही आणि चहानं मला पित्त होतं. त्यामुळे माझ्या वाट्याला फक्त बोलणं आलं. आमचा सलीमभाई म्हणतो, "मंगल, तुझी रिक्षा पेट्रोलवर चालते की तोंडावर?" त्याला मी जे उत्तर देते ते इथं सांगण्यासारखं नाही.

मी मंगल. नाशिकरोड स्टेशनबाहेर रिक्षा चालवते, राहते इंदिरानगरला, नवरा अंबडला कंपनीत. स्टँडचा कायदा एकच, नंबर. ज्या क्रमानं गाडी लागली त्याच क्रमानं भाडं मिळणार. पुढच्याचा नंबर मारला तर दिवसभर तुमच्याशी कुणी बोलत नाही. आणि न बोलता आमच्या स्टँडवर दिवस काढायचा म्हणजे जेल परवडली.

आज सांगणार आहे ते कारभारीतात्यांचं. स्टँडवरचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. मूळचे दिंडोरीकडचे, आता घर जेलरोडला. रोज सकाळी गाडी लावली की लांबूनच मला हात करायचे, "जय भीम, मंगल!" मी म्हणायची, "रामराम, तात्या!" खरं तर जय भीम माझं आणि रामराम त्यांचा; ही अदलाबदल आम्ही कधी ठरवून केली नाही, तशीच सवय पडून गेली.

*

तात्यांची एक खोड होती. पाहुण्याला खरं सांगायचे!

तुम्ही म्हणाल, त्यात वाईट काय? अहो, रिक्षावाल्यानं खरं सांगायचं म्हणजे काय ते रिक्षावाल्यालाच विचारा. पुण्याच्या दोन मुली गाडीतून उतरल्या. पाठीवर सॅक, हातात मोबाइल. पहिला नंबर तात्यांचा. मुली म्हणाल्या, "काका, त्र्यंबकेश्वरला किती घ्याल?"

"मी कशाला घेऊ?" तात्या म्हणाले. "समोरून बस सुटती. थेट त्र्यंबकला सोडती. खिडकीशी बसा, अंजनेरीचा डोंगर लय झ्याक दिसतो. येताना बस नाय घावली तर शेअर टॅक्सी असत्यात, पण आधी भाव ठरवा. आन् पंचवटीत मात्र पायी फिरा, गल्ल्या बारीक हायेत."

मुली आनंदात बसकडे पळाल्या. मागं दुसऱ्या नंबरवर सलीमभाई होता. त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"तात्या, तुम्ही रिक्षा चालवता का बसवाल्यांचे जावई आहात?"

तात्या शांतपणे गाडीची काच पुसत म्हणाले, "पाहुणा आपला हाय ना? मग गाडी कुणाची का असंना."

*

मध्ये माझा एक किस्सा सांगून घेते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी नुसती बघायलाच उभी असते.

एक सुटाबुटातले गृहस्थ माझ्या रिक्षात येऊन बसले. मी बाहेर उभी राहून पाणी पीत होते. दोन मिनिटं झाली, तीन झाली. घड्याळ बघत म्हणतात, "मॅडम, ड्रायव्हर कुठे गेलाय?"

मी म्हटलं, "बोलावते हं." बाटलीचं झाकण लावलं, खाकी शर्टाची बटणं लावली, पुढं जाऊन बसले आणि मागं वळून म्हटलं, "आली. कुठं जायचंय?"

बिचारे सीबीएस बसस्टँडपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. उतरताना मात्र म्हणाले, "छान चालवता." त्यांना वाटलं असेल आपण कौतुक केलं. मला वाटलं, इतका वेळ जीव मुठीत धरून बसला होता हा माणूस!

तात्यांना सांगितलं तर ते खोकला लागेपर्यंत हसले.

*

आता जो किस्सा सांगते तो आम्ही आधी खूप हसून सांगायचो.

सागरहून, म्हणजे मध्य प्रदेशातून, तिघं आले होते. आजी, मुलगा आणि सून. तात्यांनी त्यांना पंचवटी दर्शनाला नेलं. काळाराम, सीतागुंफा, रामकुंड, तपोवन. साधारण दीड तासाची फेरी. यांना परत यायला चार तास लागले! आम्हाला वाटलं, सिंहस्थासाठी सगळं शहर खोदून ठेवलंय, अडकले असतील कुठंतरी. आज सरळ असलेला रस्ता उद्या बंद असतो, आम्हीसुद्धा चुकतो.

स्टेशनवर उतरल्यावर आजी आमच्याकडे बघून हात जोडून म्हणाल्या, "बहुत अच्छा शहर है आपका. बाकी जगह एक बार में भगा देते हैं, यहाँ तो हर मंदिर दो-दो बार दिखाते हैं!"

आम्ही तात्यांकडे बघितलं. तपोवन झाल्यावर तात्यांनी गाडी सरळ पुन्हा काळारामाला लावली होती. पुन्हा चपला काढायला लावल्या, पुन्हा सीतागुंफेत वाकून शिरायला लावलं. सुनेला शंका आली होती, पण आजीनं तिला गप्प केलं, "यहाँ का नियम होगा."

स्टँड नुसता खदाखदा हसला. सलीमभाई म्हणाला, "तात्या, तिसरी फेरी का सोडली?" तात्याही हसले. सगळे पांगल्यावर माझ्या गाडीजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मंगल, खरंच दोनदा नेलं का गं मी?"

मी म्हटलं, "असू द्या हो तात्या, पुण्य डबल." पण खरं सांगते, त्या दिवसापासून मला त्या किस्स्यावर हसू आलं नाही.

*

पुढचा महिनाभर स्टँडवर हा विषय कुणी काढला नाही. प्रत्येकाला आपापलं दिसत होतं. तात्या चावी शोधायचे आणि चावी गाडीला लावलेली असायची. माझं नाव घ्यायच्या आधी जरा थांबायचे.

मग एका सकाळी तात्यांची रिक्षा आली, आणि मागच्या सीटवर जे भाडं घेऊन ते गेले होते तेच बसलेलं! सुट्टीवर आलेला फौजी होता, देवळालीला जायचं होतं त्याला. तात्या त्याला उलट्या दिशेनं द्वारका चौकापर्यंत घेऊन गेले आणि तिथं गाडी बाजूला घेऊन थांबले. चारी बाजूंनी गाड्या वाहतायत आणि तात्यांना कळेना कुठल्या रस्त्यानं जायचं. चौतीस वर्षं ज्या चौकातून गाडी काढली, तो चौक!

तो पोरगा चिडला नाही. मोबाइल काढला, नकाशा लावला आणि मागून सांगत राहिला, "बाबा, अब सीधा. बाबा, यहाँ से दायें." देवळालीला जायचं सोडून तो आधी तात्यांना स्टँडवर सोडायला आला. ड्रायव्हरला पॅसेंजरनं परत आणून सोडल्याचं आमच्या धंद्यात हे पहिलंच उदाहरण.

तात्या उतरले आणि कौतुकानं मला म्हणाले, "पोरगं लय हुशार हाय. नाशिकचे समदे रस्ते तोंडपाठ!"

फौजीला पुढं मी देवळालीला सोडलं. सगळ्या रस्त्यात तो एवढंच म्हणाला, "दीदी, मेरे दादाजी भी ऐसे ही हो गये थे. बाबा को अकेला मत छोड़ना." मी हो म्हटलं.

*

आठवड्याभरानं माई स्टँडवर आल्या. माई म्हणजे तात्यांची बायको. त्यांना मूलबाळ नाही, दोघंच. माईंना आम्ही लग्नकार्यातच बघितलं होतं, स्टँडवर कधी नाही. त्यांना बसायला कुणाची गाडी द्यायची यावरून चौघंजण पुढं झाले. त्या माझ्या गाडीत बसल्या.

"डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलीया," त्या म्हणाल्या. "म्या चावी पिठाच्या डब्यात लपवली. तर सकाळी सहाला उठून, खाकी घालून दारात बसत्यात. म्हणत्यात, माझा नंबर जाईल. जेवत नाय, बोलत नाय. मंगल, असं घरी बसवलं तर हा माणूस वाळून जाईल गं."

मग म्हणाल्या, "मला दुसरं काय बी नको. फकस्त एक भ्या वाटतं. एक दिस ते मलाच इचारतील, तू कोण? त्या दिशी मी काय करू?"

मी त्यांचा हात धरून बसले. माझे डोळे भरले, त्यांचे कोरडे होते.

स्टँडचा कायदा तर माहीतच आहे. गाडी चालवणाऱ्याला नंबर, बाकी कुणाला नाही. कुणी तरी म्हणालंच, "तात्यांना नुसतं येऊन बसू द्या बाकावर." तेव्हा सलीमभाई उसळला. हाच तो, तात्यांशी रोज भांडणारा!

"बाकावर काय भिकारी बसवायचाय का? नंबर गाडीचा असतो. तात्यांची गाडी रोज इथं लागणार, तात्या रोज येणार. चलाएगा कौन, वो हम देख लेंगे!"

आणि तसंच झालं. तात्यांची गाडी रात्रीही स्टँडवरच राहायला लागली. रोज एकानं आपली गाडी बाजूला लावायची आणि तात्यांच्या गाडीनं त्यांच्या नंबरची फेरी करायची. तात्या मागं बसणार. मागं तिघंच बसतात, त्यातले एक तात्या, म्हणून त्यांच्या गाडीला फक्त जोडप्याचं भाडं.

राहता राहिला प्रश्न, तात्यांना सांगणार कोण? सलीमभाईनं इतक्या गंभीर चेहऱ्यानं थाप मारली की मलाच खरं वाटलं. "तात्या, सिंहस्थ जवळ आलाय. वरून नवीन नियम निघालाय. सीनियर ड्रायव्हरनं मागं बसून पाहुण्यांना शहराची माहिती सांगायची. गाडी ज्युनिअरनं चालवायची."

तात्यांनी बराच विचार केला. म्हणाले, "बराबर हाय नियम. पण ड्रायव्हर मी निवडणार. सलीम नको. ब्रेक लय जोरात मारतो!"

*

तात्या गाइड झाले, आणि काय सांगू, आमच्या स्टँडचं नाव झालं!

कालचं जेवण तात्यांना आठवायचं नाही, पण पूर्वीचं नाशिक जसंच्या तसं डोळ्यांपुढं. टांग्याचा अड्डा कुठं होता, नदीला पाणी आलं की कुठल्या दुकानाच्या कुठल्या पायरीला लागायचं, सगळं. मध्येच मला मागून दम, "मंगल, गिअर बदल! गाडी रडती!" तीच गोष्ट ते एका फेरीत तीन वेळा सांगायचे, आणि पाहुणे तिन्ही वेळा हसायचे. जगात चांगली माणसं आहेत हो, आपण उगाच नावं ठेवतो.

एकदा नागपूरचं नवीन लग्न झालेलं जोडपं होतं. मुलीनं विचारलं, "काका, नाशिक फिरायला सगळ्यात बेस्ट काय? कॅब, बस, की रिक्षा?"

तात्या म्हणाले, "सायकल. माझं लग्न झालं तवा मी माईला सायकलीवर नाशिक दाखवलं. डबलसीट. थेट दिंडोरीपासून!"

मुलगी लगेच नवऱ्याकडे वळली, "बघ! आणि तू मला टॅक्सी महाग पडते म्हणत होतास!" नवरा बिचारा खाली मान घालून बसला.

संध्याकाळी तात्यांना सोडायला गेले तेव्हा मी माईंना म्हटलं, "माई, काय रोमँटिक हो तुम्ही! सायकलवर आलात दिंडोरीहून!"

माई भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "सायकल माझ्या भावाची. ढकांब्याला पंक्चर झाली. फुडं ते सायकल घेऊन चालत आले आन् मी त्यांच्यामागनं. रामकुंडावर पोचलो तवा माझ्या पायाला ही फोडं! आन् वर मलाच म्हणत्यात, कसं वाटलं नाशिक?"

आणि हसल्या. इतक्या दिवसांत माईंना हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

*

आणखी एक. भाड्यानं स्कूटी घेऊन फिरणारी मुलं हल्ली फार. एकदा पंचवटीत माझ्या लक्षात आलं, एक स्कूटी आपल्या मागं मागंच आहे. मी वळले की वळते, थांबले की थांबते. मी अशा बाबतीत ऐकून घेणारी नाही. गाडी थांबवली, उतरले, बाह्या सरसावल्या. "काय रे, काय पाहिजे?"

दोघं पोरं घाबरली. मागचा म्हणाला, "मॅडम, सॉरी. ते काका सांगतायत ना, ते ऐकतोय. जरा हळू चालवाल का? टांग्याच्या अड्ड्यानंतरचं नीट ऐकू आलं नाही."

तात्यांनी मागून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाले, "कुठपर्यंत आलं होतं? चला, पहिल्यापासनं सांगतो!"

*

आणि आता हा शेवटचा. हा मी स्टँडवर कधीच सांगत नाही, कारण तिथं सगळ्यांनी तो बघितलाय.

थंडीचे दिवस होते. सकाळची एक्सप्रेस आली, स्टेशनच्या दारातून गर्दी बाहेर पडली आणि आम्ही सगळे नेहमीसारखे ओरडायला लागलो, "पंचवटी, पंचवटी! रिक्षा? त्र्यंबक?" आणि एकेक आवाज बंद होत गेला. गर्दीतून तात्या येत होते. डोक्याला मफलर, अंगात स्वेटर, खाकी नाही, हातात कापडी पिशवी. रोज माई त्यांना सोडायला यायच्या. आज एकटेच, आणि तेही स्टेशनातून, प्रवाशांबरोबर.

ते चौकात थांबले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग माझ्याकडं आले. बाई दिसली म्हणून आले असतील.

"बाई, नाशिक बघायचंय. पहिल्यांदाच आलोय. कशानं गेलेलं बरं?"

'तात्या' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. सलीमभाईनं मागून मान हलवली, नको म्हणून. पहिला नंबर त्याचा होता. तो बाजूला झाला आणि एवढंच म्हणाला, "तू ने." आणि फोन काढून माईंना लावला. तिकडून माईंचा घाबरलेला आवाज मला ऐकू येत होता. सलीमभाई त्यांना सांगत होता, "मिल गये, माई, मिल गये. मंगलबरोबर आहेत."

मी म्हटलं, "चला, मी दाखवते नाशिक."

तात्या लावलेल्या रिक्षांवरून नजर फिरवत गेले आणि स्वतःच्या रिक्षापाशी थांबले. "ही बरी दिसती. जुनी हाय, पण मालकानं जपलीया." आणि मागं बसले, पिशवी मांडीवर घेऊन.

मी त्यांना सगळं दाखवलं. काळाराम, सीतागुंफा, रामकुंड, तपोवन. टांग्याचा अड्डा कुठं होता ते सांगितलं. पाणी कुठल्या पायरीला लागायचं ते सांगितलं. जे त्यांच्याच तोंडून शंभरदा ऐकलं होतं तेच त्यांना सांगत होते, आणि ते लहान मुलासारखे "अस्सं? अस्सं?" म्हणत होते. आरशात मी मागं बघत होते आणि रस्ता मला धड दिसत नव्हता. रडत रडत रिक्षा चालवायची नाही, पण त्या दिवशी चालवली.

रामकुंडावर ते हात जोडून बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "लय झ्याक गाव हाय तुमचं. दोन दिस राहावं वाटतंय. बाई, लॉज नको. कुणाच्या घरी सोय व्हईल का?"

मी गाडी जेलरोडला घेतली.

माई उंबऱ्यात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. पायात चपला नव्हत्या. तात्या उतरले आणि त्यांच्याकडं बघून परक्या बाईला करावा तसा नमस्कार केला. माईंच्या चेहऱ्याकडं मला बघवेना.

मी म्हटलं, "माई, हे पाहुणे आहेत. नाशिक बघायला आलेत. राहायची सोय होईल का विचारतायत."

माईंनी पदरानं हात पुसले आणि म्हणाल्या, "व्हईल की. घर मोठं हाय. या."

तात्या जागचे हलले नाहीत. त्यांनी घराकडं बघितलं, माईंकडं बघितलं आणि माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, पण माईंना ऐकू गेलंच, "बाई, तेवढं सांगा त्यांना. म्हणावं, माणूस इसरभोळा हाय. मागनं तक्रार नको. चालंल का इचारा."

माई पायरी उतरून खाली आल्या. तात्यांच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली.

"चालंल म्हणावं," त्या म्हणाल्या. "माझ्या समदं ध्यानात हाय."